वसईच्या किल्ल्यात, आज सकाळी

बाबांचे गुडघे आता गड चढू देत नाहीत, म्हणून आज वसईचा किल्ला. सगळं सपाट, तक्रारीला जागा नाही.

आत शिरल्याबरोबर बाबा नेहमीप्रमाणे मे १७३९ मध्ये पोचले. चिमाजी आप्पा, सुरुंग, सेबॅस्टियन बुरुजाला पडलेलं खिंडार. माझं लक्ष मात्र चर्चच्या पडक्या भिंतीतून उतरलेल्या मुळांकडे. दगडाला अशी मिठी मारलीय की झाड काढलं तर भिंतही सोबत येईल. खाली पोर्तुगीज अक्षरं कोरलेली कबरीची फरशी, अर्धी झिजलेली, आणि तिच्यावर एक मांजर खुशाल ताणून झोपलेलं.

पलीकडे पोरांचं क्रिकेट. दोन आज्या चालायला आलेल्या, पण व्यायाम सगळा तोंडाचाच. किल्लाबंदराकडून सुकत्या बोंबलांचा वास. आणि प्री-वेडिंगवाले! अहो, जरा वाट तरी सोडा.

ताडाच्या सावलीत डबा उघडला.

"किती माणसं मेली गं इथे," बाबा म्हणाले. बराच वेळ तटाकडे बघत राहिले.

मग घावन मोडत, "चटणीत मीठ कमी पडलंय."