तुम्ही विचारलंत म्हणून: सावित्रीकाठची ओळख

राजापूरच्या वहिनी आणि तुम्ही एवढ्या जवळच्या, मग त्या घरी आल्या की दोघी अशा अवघडून का बसता, असे मला अनेकांनी विचारले आहे.

आमची ओळख सावित्रीच्या काठी झाली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा, मुंबई-गोवा महामार्गावरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात कोसळला आणि राजापूर-बोरिवली व जयगड-मुंबई या दोन एसटी गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. माझा धाकटा भाऊ आणि वहिनींचे यजमान त्यांत होते. आषाढ अमावास्या असल्याने खाडीला उधाण होते आणि पाण्याने माणसे पार समुद्रापर्यंत नेली. हरिहरेश्वरच्या बाजूला कोणी सापडल्याचे कळले की काठावर थांबलेल्या आम्हा सगळ्यांनाच ओळख पटवायला जावे लागे. जाताना तो आपला नसावा असे वाटे आणि असावा असेही वाटे, आणि ही दुसरी इच्छा घरच्यांपाशी उच्चारता येत नव्हती. ती मी फक्त वहिनींना सांगू शकले.

भाऊ सापडला, हातातल्या कड्यावरून मी त्याला ओळखले. वहिनींचे यजमान शेवटपर्यंत सापडले नाहीत. त्या दिवशी माझा हात धरून त्या म्हणाल्या, "ताई, तुमचं बरं झालं." त्यात सांत्वन होते आणि हेवाही होता, दोन्ही तितकेच खरे, आणि त्यावर काय बोलावे हे मला आजही सुचलेले नाही.

आमच्याकडे दहावे-तेरावे झाले. त्यांच्याकडे मंगळसूत्र काढायचे की नाही यावर शेजारपाजारच्या बायका बोलत राहिल्या, आणि बेपत्ता माणसाला मृत मानायला कायद्याने सात वर्षे लागतात हेही कोणीतरी त्यांच्या कानावर घातले. त्या येणार असल्या की मी भावाच्या फोटोवरचा हार काढून ठेवते. हे त्यांना कळते आणि आवडत नाही, तरी मला तो ठेववत नाही.

आता त्यांच्या मुलाला दर्भाची प्रतिमा करून वडिलांचे अंत्यविधी उरकायचे आहेत. त्याचे म्हणणे रास्त आहे, पण वहिनी मला विचारतात, "तुम्हीच सांगा ताई, काय करू?" जिच्या घरातले माणूस परत मिळाले, तिने या प्रश्नाला हो किंवा नाही म्हणणे मला योग्य वाटत नाही. मी त्यांना एवढेच सांगितले आहे की विधी ठरला तर मी येईन, आणि नाही ठरला तरी आषाढ अमावास्येला येईन.