पेशी ओळखण्याआधी पाणी ओळखावं लागलं

सीबीसीचं, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायचं मशीन आकडे देतं, पण फ्लॅग (मशीनची शंकेची खूण) आला की स्मिअर, म्हणजे काचेवर रक्ताचा पातळ थर, करून डोळ्यांनीच बघावं लागतं. माझी डीएलसी, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या प्रकारांची टक्केवारी, बरेच दिवस मशीनशी जुळत नव्हती. पेशींची चित्रं तोंडपाठ होती. घोळ स्लाइडमध्ये आणि रंगात होता.

जांभळ्या झाकणाची ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) ट्यूब आठ-दहा वेळा हळू उलटीसुलटी करायची, मग २-३ मिमीचा थेंब. ओढायची स्लाइड ३० ते ४५ अंशांत धरून एका दमात पुढे न्यायची. ॲनिमियाचं रक्त पातळ असतं, तिथे कोन थोडा वाढवतो. घट्ट रक्ताला कमी. तालुक्याच्या कलेक्शन सेंटरवरून दुपारच्या एसटीने येणाऱ्या ट्यूबवर माझा भरवसा नाही. ईडीटीएमध्ये काही तास गेले की न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीचं केंद्रक आकसतं, मोनोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशीत पोकळ्या दिसतात. म्हणून स्लाइड सेंटरवरच ओढून, वाळवून ट्यूबसोबत मागवतो.

लिशमन हा रंग गाळून घ्यायचा, ८-१० थेंब, २ मिनिटं. त्यावर दुप्पट बफर (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कली पातळी, स्थिर ठेवणारा द्रव), ८-१० मिनिटं. एप्रिल-मेमध्ये पंख्याखाली बफर घालायच्या आतच रंग सुकतो आणि जांभळा गाळ बसतो, तो हुबेहूब प्लेटलेटसारखा. रंगवताना पंखा बंद, घाम आला तरी.

पण सगळ्यात जास्त त्रास दिला तो पाण्याने. आमच्याकडे बोअरचं पाणी क्षाराचं, जड. बफरऐवजी ते वापरलं की लाल पेशी निळसर-करड्या दिसतात आणि इओसिनोफिल या पांढऱ्या पेशीचे केशरी कण काळपट होऊन न्यूट्रोफिलशी गल्लत होते. डिस्टिल्ड वॉटर उघडं राहिलं तर उलटं: हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून ते आम्लाकडे झुकतं, लाल पेशी भडक आणि केंद्रकं फिकी. पीएच ६.८ चा बफर वापरायला लागलो आणि निम्मे घोळ संपले.

मोजणी १०० पांढऱ्या पेशींची. मोठ्या पेशी, म्हणजे मोनोसाइट आणि न्यूट्रोफिल, कडेला आणि शेपटीला (स्मिअरच्या पातळ टोकाला) ढकलल्या जातात, लिम्फोसाइट मधे राहतात. म्हणून एकाच ओळीत न जाता कड आणि मध असं नागमोडी फिरतो. मोठ्या माणसात न्यूट्रोफिल ४०-७५ टक्के, लिम्फोसाइट २०-४०, मोनोसाइट २-१०, इओसिनोफिल १-६, बेसोफिल एखादाच. न्यूट्रोफिल जंतू गिळतात. इओसिनोफिल जंत आणि ॲलर्जीत वाढतात. मला अडवायचे ते डेंग्यूतले मोठे, निळ्या काठाचे लिम्फोसाइट. त्यांचा काठ शेजारच्या लाल पेशींभोवती घसरल्यासारखा वळतो आणि तिथेच गडद होतो. मोनोसाइटचा पेशीद्रव राखाडी, केंद्रक घडी पडल्यासारखं. ही एक खूण हातात आल्यावर मोनोसाइटचे फुगलेले आकडे खाली आले.

लाल पेशी ७-८ मायक्रॉनची, केंद्रक नाही, आयुष्य १२० दिवसांचं. लहान लिम्फोसाइटचं केंद्रक जवळपास तेवढंच, तीच माझी मोजपट्टी. लाल पेशी त्याहून लहान आणि तिचा मधला फिका भाग एक तृतीयांशापेक्षा मोठा असेल, तर आधी लोहाची कमतरता मनात धरतो. स्मिअर जाड भागात बघितला तर फिका भाग दिसतच नाही. पेशी जेमतेम एकमेकींना टेकतात तिथेच बघायचं.

प्लेटलेट २-३ मायक्रॉनच्या, रक्त थांबवायचं काम त्यांचं. १०० एक्सच्या ऑइल लेन्सखाली दहा फील्डमधल्या (लेन्समधून एका वेळी दिसणाऱ्या भागातल्या) प्लेटलेटची सरासरी गुणिले १५,००० हा माझा अंदाज. मशीन ४० हजार दाखवतं आणि पेशंटला ताप नाही, रक्तस्राव नाही, अशा वेळी आधी शेपटीकडे जातो. तिथे प्लेटलेटचे पुंजके दिसले तर दोष ईडीटीएचा. मग निळ्या झाकणाच्या सायट्रेट ट्यूबमध्ये रक्त पुन्हा घेतो आणि मशीनचा आकडा १.१ ने गुणून रिपोर्टवर लिहितो, कारण त्या ट्यूबमधल्या द्रवाने रक्त तेवढं पातळ झालेलं असतं.