शाळा व्यवस्थापन समिती: आत कसं जायचं आणि सहीआधी काय वाचायचं

शाळा सुरू झाली की वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन ओळींची सूचना पडते. ‘अमुक तारखेला पालक सभा आहे, सर्वांनी उपस्थित राहावे.’ विषय लिहिलेला नसतो. पेरणीचे किंवा कामाचे दिवस असतात, वेळ सकाळी अकराची असते, म्हणून मोजकेच पालक जातात. ज्या सालात समितीची मुदत संपलेली असते, त्या साली याच सभेत पुढच्या दोन वर्षांची शाळा व्यवस्थापन समिती निवडली जाते. न गेलेल्यांना अध्यक्ष कोण झालं हे कळतं ते थेट पंधरा ऑगस्टला, झेंड्याजवळ.

म्हणून पहिलं काम एवढंच: सध्याची समिती कधी स्थापन झाली ती तारीख मुख्याध्यापकांना विचारायची आणि त्यात दोन वर्षं मिळवायची. त्याच्या महिनाभर आधीच विचारून ठेवायचं, की निवडीची सभा कधी आहे आणि सूचनेत विषय स्पष्ट लिहिला जाणार आहे का.

ही समिती शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 21 मधून आली. कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. जिल्हा परिषद, नगरपालिका, महानगरपालिका यांच्या शाळांना समिती सक्तीची आहे, अनुदानित शाळांनाही आहे. मात्र 1 ऑगस्ट 2012 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने अनुदानित आणि अल्पसंख्याक शाळांमधल्या समितीचं काम फक्त सल्ला देण्यापुरतं राहिलं. तिथे सदस्य झालात तर हे माहीत असलेलं बरं, नाहीतर पहिल्या सभेतच संस्थाचालकांशी निष्फळ वाद होतो. विनाअनुदानित खासगी शाळांना हे कलम लागूच नाही. त्यांची वाट वेगळी आहे, ती शेवटी सांगतो.

महाराष्ट्रात समिती 12 ते 16 जणांची असते, मुख्याध्यापक धरून नाही. ते सदस्य सचिव असतात. बारा जणांचा हिशोब मांडून पाहू. तीन चतुर्थांश पालक, म्हणजे 9. उरलेल्या 3 जागांवर एक स्थानिक स्वराज्य संस्थेचा निवडून आलेला प्रतिनिधी, एक शिक्षक (शिक्षकांनीच निवडलेला) आणि एक स्थानिक शिक्षणतज्ज्ञ. एकूण सदस्यांत निम्म्या महिला हव्यात, म्हणजे किमान 6. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. पाड्यावरची मुलं पटाच्या निम्मी असतील आणि पालक सदस्य मात्र सगळे मूळ गावठाणातले, तर ती निवड नियमात बसत नाही आणि तसं सभेतच म्हणता येतं. अध्यक्ष पालक सदस्यांमधूनच होतो. ग्रामपंचायत सदस्य किंवा शिक्षक अध्यक्ष होऊ शकत नाहीत.

ज्यांचं मूल या शाळेत नाही, त्यांना वाटतं आपला इथे संबंध नाही. पण शिक्षणतज्ज्ञाची ती एक जागा त्यांच्यासाठीच आहे आणि ती भरायचा अधिकार समितीतल्या पालकांकडे आहे. निवृत्त शिक्षिका, अंगणवाडीचा अनुभव असलेल्या ताई, हिशोब तपासता येणारा बँकेतला माणूस, यांच्यापैकी कुणीही पालक सदस्यांना भेटून तयारी दाखवू शकतो. व्यवहारात ही जागा गावातल्या एखाद्या वजनदार माणसाला मान म्हणून दिली जाते आणि तो सभेला फिरकत नाही. माझ्या मते समितीतली सर्वांत वाया जाणारी खुर्ची हीच.

निवडीच्या सभेला जाताना एक सूचक आणि एक अनुमोदक ठरवून जा. स्वतःचं नाव स्वतः घ्यायला संकोच वाटतो आणि तेवढ्यात आधीची यादी वाचून टाळ्या वाजतात. एकमत झालं तर ठीक, नाही तर हात वर करून किंवा चिठ्ठ्या टाकून मत घ्या असं म्हणा. निवडलेल्यांची नावं प्रोसिडिंग बुकात (सभेच्या इतिवृत्ताच्या वहीत) तिथेच लिहून, उपस्थितांच्या सह्या होईपर्यंत उठू नका. ‘नंतर लिहून घेतो’ म्हटलं की संध्याकाळपर्यंत एखादं नाव बदलतं. आणखी एक: पहिली ते चौथीच्या शाळेत ज्याचं एकुलतं मूल चौथीत आहे, त्या पालकाला अध्यक्ष करू नये. पुढच्या जूनमध्ये मूल पाचवीला दुसरीकडे जातं, पालक म्हणून असलेली जागा रिकामी होते आणि समितीच्या बँक खात्यावरची अध्यक्षांची सही बदलण्यात दोन-तीन महिने सहज जातात. दुसरी-तिसरीतल्या मुलांचे पालक त्यासाठी उत्तम.

महिला सदस्यांच्या जागी त्यांचे यजमान सभेला येऊन बसतात, हे सर्रास चालतं. त्याला बंदी घालण्यापेक्षा सभेची वेळ बदलणं जास्त उपयोगी पडतं. अकराच्या सभेला न येणाऱ्या बायका मुलांना सोडायला किंवा न्यायला आल्या की अर्धा तास थांबतात.

आता खरं काम. सभा महिन्यातून एकदा व्हायला हवी. आणि समितीची जी काही ताकद आहे, ती सभेत काय बोललं गेलं यात नसून प्रोसिडिंगमध्ये काय लिहिलं गेलं यात आहे. बोलून सगळेच मोकळे होतात. सहा महिन्यांनी तालुक्याचे गटशिक्षणाधिकारी वही उघडतात तेव्हा त्यांना दिसतं ते असं: ‘मुलींच्या शौचालयाच्या दुरुस्तीबाबत चर्चा करण्यात आली. सर्वानुमते मंजूर.’ काय मंजूर झालं? कुणी करायचं? कधीपर्यंत? अशा ठरावावर कुणीही काही करत नाही आणि कुणाला जाबही विचारता येत नाही.

तोच ठराव असा लिहा: ‘मुलींच्या 3 शौचालयांपैकी 2 बंद आहेत. एकाचं दार निखळलं आहे, दुसऱ्यात पाण्याची जोडणी नाही. दार बसवणे व 15 फूट पाइप टाकणे यासाठी मुख्याध्यापकांनी 3 कोटेशन घेऊन पुढील सभेपूर्वी काम पूर्ण करावे. खर्च संयुक्त शाळा अनुदानातून करावा.’ खाली सूचक, अनुमोदक, ठराव क्रमांक. पुढच्या सभेत पहिला विषय मागील इतिवृत्त वाचून कायम करणे हा असतोच. तो खरोखर वाचायला लावा. पाइप टाकला की नाही, हे तिथे आपोआप निघतं.

सही करताना शेवटच्या ओळीखाली मोकळी जागा सोडलेली नाही ना, हे पाहा. असेल तर आडवी रेघ मारून मग सही करा. ‘आयत्या वेळचे विषय’ हे शीर्षक टाकून खाली आठ ओळी कोऱ्या ठेवायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. दरवेळी लबाडीच असते असं नाही. मुख्याध्यापकांना एकाच वेळी पोषण आहार, ऑनलाइन माहिती, परीक्षा असं सगळं भरायचं असतं आणि वही मागे पडते. पण कोऱ्या जागेवरची सही ही सही करणाऱ्याची जबाबदारी होते, कारण काहीही असो.

पैशांचं बोलू. समग्र शिक्षा अभियानातलं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं: 30 पर्यंत पट असेल तर वर्षाला 10 हजार रुपये, 31 ते 100 ला 25 हजार, 101 ते 250 ला 50 हजार, 251 ते 1000 ला 75 हजार, त्यावर एक लाख. यातले किमान 10 टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. 80 पटाच्या शाळेचे 25 हजार म्हणजे महिन्याला सुमारे दोन हजार ऐंशी रुपये आले. वीजबिल, खडू, झाडू, फिनेल, किरकोळ दुरुस्ती सगळं त्यात. हा आकडा कळला की ‘एवढं अनुदान जातं कुठं’ हा आवाज खाली येतो आणि खरा प्रश्न पुढे येतो, तो वेळेचा. रक्कम बहुधा वर्षाच्या उत्तरार्धात मिळते आणि 31 मार्चपर्यंत खर्ची टाकावी लागते. मग मार्चमध्ये जे दुकानात तयार असेल ते घेतलं जातं. उपाय सोपा आहे: काय घ्यायचं त्याची क्रमवार यादी ऑगस्टच्या सभेतच ठराव करून ठेवायची. पैसे आले की पहिल्या ओळीपासून सुरुवात. खरेदीनंतर बिल, कॅशबुकातली नोंद, साठा नोंदवही आणि प्रत्यक्ष वस्तू, हे चारही एकत्र पाहायचं. बिलावर दोन घागरी आणि माठाजवळ एकच, हे उभ्या उभ्या दिसतं.

पोषण आहार तपासायला स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यापाशी सकाळी जावं लागतं, जेवणाच्या वेळी नाही. पहिली ते पाचवीला माणशी 100 ग्रॅम तांदूळ आणि 20 ग्रॅम डाळ, सहावी ते आठवीला 150 आणि 30. तांदूळ कच्चा मोजायचा. पहिली ते पाचवीच्या शाळेत हजेरीपटावर 80 मुलं असतील तर 8 किलो तांदूळ आणि 1 किलो 600 ग्रॅम डाळ पातेल्यात पडायला हवी. ताटं घेऊन बसलेली मुलं 62 निघाली आणि वहीत 80 लिहिलं, तर एका दिवसाला 1 किलो 800 ग्रॅमचा फरक झाला. एक दिवस पाहून आरोप करू नका. काही मुलं डबा आणतात, काही मधल्या सुट्टीत घरी जातात. आठवड्यातून दोनदा, महिनाभर पाहा, आकडे लिहून ठेवा आणि तो तक्ता सभेत ठेवा. चव नोंदवहीतल्या (जेवण चाखून शेरा लिहायच्या वहीतल्या) ‘चव चांगली आहे’ या पानभर एकाच हस्ताक्षरातल्या ओळी त्या वेळी फार काही सांगून जातात.

शाळा विकास आराखडा हा समितीचा दुसरा मोठा दस्तऐवज. तीन वर्षांचा असतो, त्यात वर्षवार भाग. इयत्तावार अपेक्षित पट, लागणारे जादा शिक्षक, इमारतीच्या गरजा आणि पैसा, एवढं त्यात यायला हवं. शिक्षकांचा हिशोब कायद्याच्या परिशिष्टातच आहे: पहिली ते पाचवीला 60 मुलांपर्यंत 2, 61 ते 90 ला 3, 91 ते 120 ला 4. पट 64 आणि शिक्षक 2 असतील तर ‘शिक्षक कमी आहेत’ असं न लिहिता ‘पट 64, मंजूर व्हावयास हवे 3, कार्यरत 2’ असं लिहा. बरेच आराखडे मागच्या वर्षीच्याची नक्कल असतात. किरकोळ दुरुस्ती सोडली तर कुंपण, पाणी, नवं स्वच्छतागृह अशी मोठी कामं संयुक्त अनुदानात बसणारी नाहीत. ती ग्रामपंचायत विकास आराखड्यात घालावी लागतात, म्हणून समितीच्या ठरावाची प्रत ग्रामसभेआधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) द्यायची आणि आपल्या प्रतीवर शिक्का-तारखेसह पोच घ्यायची. पोच नसलेला अर्ज सरकारी कचेरीत जन्मलेलाच नसतो.

शिक्षकाची बदली करणं, रजा नाकारणं, पगार अडवणं हे समितीच्या हातात नाही. शिक्षक उशिरा येत असतील तर तारखा नोंदवून ठराव करा आणि केंद्रप्रमुखांमार्फत (आसपासच्या काही शाळांवर देखरेख करणारे अधिकारी) गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा. वर्गात घुसून मुलांसमोर बोलायला गेलं की मूळ मुद्दा बाजूला राहतो आणि तक्रार उलट समितीवर होते. मुलाच्या हक्काची लेखी तक्रार कलम 32 खाली स्थानिक प्राधिकरणाकडे करता येते, तिचा निकाल 3 महिन्यांत द्यायचा असतो, पुढचं अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे. कागद दाखवतच नसतील तर माहिती अधिकार आहेच: 10 रुपये शुल्क, 30 दिवसांत उत्तर. पण आपल्याच समितीची वही सदस्याला माहिती अधिकारात मागावी लागली, तर आधी सभेत ‘वही सदस्यांना पाहण्यास उपलब्ध असावी’ असा ठराव का झाला नाही, ते पाहा.

खासगी विनाअनुदानित शाळेत पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती असते, 2011 च्या शुल्क विनियमन कायद्याखालची. शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून 30 दिवसांत संघ स्थापन व्हायला हवा. प्रत्येक इयत्तेतून एक पालक, तोही सोडतीने. मुदत एक वर्षाची आणि एकदा सदस्य झालं की पुढची तीन वर्षं नाही. म्हणून चिठ्ठ्या सगळ्या पालकांसमोर काढल्या जातात का, हे पाहायला त्या दिवशी हजर राहणं महत्त्वाचं. व्यवस्थापनाने नव्या फीचा प्रस्ताव पुढचं वर्ष सुरू होण्याच्या सहा महिने आधी या समितीपुढे ठेवायचा असतो आणि समितीला निर्णयासाठी 30 दिवस मिळतात. म्हणजे जूनची फी डिसेंबर-जानेवारीत ठरते. मे महिन्यात गेटवर जमून जी फी कमी करा म्हणतात, तिच्यावर आपल्याच इयत्तेच्या प्रतिनिधीची सही पाच महिन्यांपूर्वी झालेली असू शकते.