भुऱ्या आला, गुड्डी घरचीच होती

कोजागिरीनंतरचा सोमवार

सोयाबीन घरात आलं आणि आज म्हातारा कुत्रा भुऱ्याही आला. घरात म्हणजे अजून घरात नाही. गोठ्यामागच्या कुटाराच्या खोलीतली अर्धी जागा मोकळी करून दिली आहे, तिथं पोत्यावर झोपला आहे. आमच्या कुत्रीला, गुड्डीला, वास लागलाच. दुपारपासून ती सपरीतून, म्हणजे ओसरीतून, हललेली नाही, नाक गोठ्याकडे आणि कान ताठ.

आमच्या वावराच्या पलीकडचं वावर ज्या काकाजींचं, त्यांचा हा कुत्रा. पराटीत, म्हणजे कापसाच्या पिकात, रानडुकरं आणि रोही (नीलगायी) शिरू नयेत म्हणून काकाजी रात्रीची जागल करायचे, तेव्हा भुऱ्या सोबत असायचा. मग काकाजींचे गुडघे गेले, मुलानं त्यांना नागपूरला नेलं, वावर मक्त्यानं दिलं. मक्तेदारानं तारा ओढल्या, त्यांत विजेचा झटका सोडणारं झटका मशीन बसवलं. मशीनपुढे म्हाताऱ्या कुत्र्याचं काय काम? भुऱ्या खोपडीपाशीच राहिला. वेचणीच्या बाया आपल्या शिदोरीतला भाकरीचा तुकडा टाकायच्या, त्यावर त्याचं चाललं होतं. काकाजींचा फोन आला की पाऊसपाण्याच्या आधी एकच विचारणं, "भुऱ्या दिसते काय वो?"

मागच्या फोनला मी म्हटलं, "काकाजी, मी घरी आणते त्याला." पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाले, "बाई, त्याले डाव्या कानानं कमी आयकू येते. त्या अंगानं अचानक हात नोको लावू."

एवढं ऐकलं आणि मनात जी थोडी घालमेल होती तीही गेली.

मामाजींनी, माझ्या सासऱ्यांनी, मात्र कपाळाला आठ्या घातल्या. "म्हातारं कुत्रं काहून आणलं बाई? पिल्लू आणलं असतं त पोट्ट्यायले खेळाले झालं असतं." गावातही ज्यानं पाहिलं त्यानं हेच म्हटलं. मला पिल्लाचं वावडं नाही. पण पिल्लू मोठं झाल्यावर कसं निघेल हे कोण सांगणार? भुऱ्याचा स्वभाव आम्ही धुऱ्यावरून वर्षानुवर्षं पाहिला आहे. वेचणीच्या बायांची लहान लेकरं बांधावर झोपलेली असायची, हा त्यांच्या उशाशी बसायचा. कोंबडीमागे कधी धावला नाही. आमच्या घरी दोन मुलं, कोंबड्या आणि एक तरुण कुत्री आहे. अशा घराला ओळखीचा शांत स्वभाव मिळणं मला फार मोलाचं वाटतं.

त्याच आठवड्यात, रात्री

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन आलो. डॉक्टरांनी दात पाहिले. पुढचे घासून सपाट झालेले, दाढांवर पिवळा थर. वय दहाच्या पुढे असेल म्हणाले, यापेक्षा नेमकं दातांवरून सांगता येत नाही. डोळ्यांत निळसर धूर दिसतो, तो मोतीबिंदूच असणार असं मी धरून चालले होते. त्यांनी बॅटरीचा उजेड टाकून दाखवलं. वयानं डोळ्यातलं भिंग घट्ट होतं, त्याचा हा रंग. उजेड आत जातो, त्याला दिसतं, फक्त अंधारात आणि अगदी जवळचं कमी दिसतं. मोतीबिंदू पांढरा असतो आणि उजेड अडवतो.

हिरड्या फिक्या होत्या. रक्त तपासलं तर गोचीड ताप निघाला. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या दिल्यात, मधे खंड न पाडता चार आठवडे, पोटात काही असताना, पण दुधाताकाबरोबर नाही. मी भाकरीच्या घासात लपवून देते. तो घास चघळून गोळी बाजूला थुंकतो, मग पुन्हा दुसरा घास. जंताचं औषध झालं. रेबीजची लस मात्र अंगात थोडी ताकद आल्यावर द्यायची ठरली. गुड्डीची वर्षाची लस झालेली आहे, तिचं कार्ड मी मुद्दाम सोबत नेलं होतं.

मागच्या पायांच्या सांध्यांसाठी मेलोक्सिकॅम मिळालं, वजन करून मात्रा ठरवली. डॉक्टरांनी बजावलं की घरातली माणसांची दुखण्याची गोळी चुकूनही द्यायची नाही, आयबुप्रोफेननं कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, मूत्रपिंडं जातात. ढोरांना पूर्वी दुखण्यावर सर्रास डायक्लोफिनॅक टोचायचे. ती मेलेली ढोरं खाऊन गिधाडं संपत आली, म्हणून २००६ साली जनावरांसाठी ते बंद झालं आणि गिधाडांना न बाधणारं म्हणून हेच मेलोक्सिकॅम पुढे आलं. मामाजी हे फार लक्ष देऊन ऐकत होते. त्यांच्या लहानपणी गावाबाहेरच्या ढोरफोडीवर गिधाडांचे थवे उतरायचे, ते घरी येईपर्यंत सांगत होते.

गोचिडांबद्दल इथं लिहूनच ठेवते. कोणी म्हणालं, "पराटीचं औषध चोळून दे, सारे गोचीड मरतेत." माझ्या अंगावर काटा आला. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता माणसं दगावली. ते विष कुत्र्याच्या कातडीवर चोळायचं, जे कुत्रं स्वतःचं अंग दिवसभर चाटतं? दवाखान्यातून दिलेलंच औषध लावलं. बोटांच्या बेचक्यांतले आणि कानातले गोचीड चिमट्यानं काढून साबणाच्या पाण्यात टाकले. पण गोचीड काही कुत्र्याच्या अंगावरच राहत नाही. मादी रक्त पिऊन टम्म झाली की खाली उतरते आणि भिंतीच्या भेगेत हजारांनी अंडी घालते. म्हणून ह्यांनी गोठ्याच्या आणि कुटाराच्या खोलीच्या भेगा सिमेंटनं बुजवल्या, पोती उन्हात टाकली. गोचिडांचं हे सगळं आटोपेपर्यंत भुऱ्या आणि गुड्डीची गाठ घालायची नाही, हे माझं पहिल्यापासून ठरलेलं होतं. पाहुण्याला आणताना घरच्या पोरीला आजार आणून द्यायचा नाही.

दिवाळीच्या तोंडावर

आता दोघांच्या पहिल्या गाठीबद्दल, ती आम्ही पांदणीवर, म्हणजे वावरांमधल्या कच्च्या वाटेवर, घातली. कुत्र्यांची पहिली भेट आंगणात करायची नाही, कारण आंगण गुड्डीचं आहे. ती तिथं राखणदार, तिथं दुसरा कुत्रा दिसला की तिला अंगावर जावंच लागणार. पांदण कोणाचीच नाही. ह्यांनी गुड्डीला घेऊन पुढे चालायचं, मी भुऱ्याला घेऊन मागून, मधे दोन बाभळींचं अंतर. दोघांची तोंडं एकाच दिशेला, दोर ढिला. दोर ताणला की माणसाची भीती दोरातून कुत्र्यापर्यंत जाते. गुड्डी सुरुवातीला सारखी मागे वळायची. शेपटी उंच, पाठीवरचे केस उभे. मग परतीच्या वाटेला आम्ही जागा बदलायचो, म्हणजे भुऱ्या जिथं मुतला ती जागा गुड्डीला हुंगायला मिळायची. ती किती वेळ हुंगायची! समोरासमोर न येता भुऱ्याची सगळी माहिती तिला तिथं मिळत होती. असं रोज सकाळी वेचणीला बाया यायच्या आत चालत राहिलो. अंतर कमी करत गेलो, आणि एका सकाळी गुड्डीनं अंग झाडलं, शेपटी खाली आणली आणि पुढचं पाहत चालू लागली. ह्यांनी मला हात करून दाखवलं. मला रडूच आलं.

मग आंगण. फाटक उघडायच्या आधी भांडी, गुड्डीचं पोतं, तिचा चघळायचा लाकडाचा तुकडा, सगळं उचलून ठेवलं. भांडायला काही नको. भुऱ्या आत आला तशी गुड्डी सपरीच्या पायरीवर आडवी उभी राहिली. वर येऊ देणार नाही, एवढं स्पष्ट. भुऱ्या थांबला. तोंड बाजूला वळवलं, जमीन हुंगली, आणि तुळशीवृंदावनापाशी जाऊन तिच्याकडे पाठ करून बसला.

"तो तिचा मान राखते," मामाजी म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी "म्हातारं कुत्रं" म्हणणं सोडलं, भुऱ्या म्हणतात.

गुड्डी तीन वर्षांची, तिला खेळ हवा. पुढचे पाय पसरून, ढुंगण वर करून ती त्याच्यापुढे नाचते. एकदा उडी मारून त्याच्या दुखऱ्या कमरेवर आदळली आणि भुऱ्या गुरगुरला. पोरगा काठी घेऊन धावला, "आई, हा गुड्डीले चावते!" मी काठी काढून घेतली आणि त्याला तिथंच बसवून समजावलं. गुरगुरणं म्हणजे कुत्र्यानं तोंडानं सांगणं, की इथवर ठीक, पुढे नको. ते सांगितल्याबद्दल मार बसला तर कुत्रा सांगायचं सोडून देतो, दुखायचं थांबत नाही. मग एक दिवस न गुरगुरता चावतो आणि लोक म्हणतात, अचानक चावला. गुड्डीला गुरगुर कळली होती, ती मागे सरकली होती. पोराला कळायला थोडा वेळ लागला, पण आता तोच धाकटीला सांगतो, भुऱ्या झोपला असला की आधी जमिनीवर पाय आपट, त्याला धक्का समजू दे, मग जवळ जा.

जेवण वेगळं. गुड्डी मागच्या दारी, भुऱ्या पुढच्या, मधलं दार लावलेलं. भुऱ्याला ज्वारीची भाकर कोमट वरणाच्या पाण्यात कुस्करून, कधी अंडं. फोडणीचं काही नाही. आपण उरलंसुरलं कालवण कुत्र्यापुढे ओततो, पण त्यातला कांदा त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, शिजवला तरी. हे मी शेजारीपाजारी ज्याला त्याला सांगते.

कार्तिकातली रात्र, थंडी पडली आहे

झोप मोडली म्हणून लिहीत बसले आहे.

भुऱ्या आता सपरीच्या खालच्या कोपऱ्यात झोपतो. सारवलेली जमीन रात्री गार पडते आणि त्याची कंबर धरते, म्हणून फळ्यांवर पोतं आणि त्यावर जुनी गोधडी टाकली आहे. पण तो रात्रभर तिथं राहत नाही. मध्यरात्रीनंतर उठतो. उठायलाच वेळ लागतो, आधी पुढचे पाय, मग मागचे घासटत. कुंपणाच्या कडेकडेनं पूर्ण फेरी मारतो, फाटकाशी थांबतो, वावराच्या दिशेनं दोनदा भुंकतो आणि परत येतो. मला काळजी वाटली होती. म्हाताऱ्या कुत्र्यांचा मेंदूही थकतो, मग ती रात्री भटकतात, कोपऱ्यात भिंतीकडे बघत उभी राहतात, ओळखीची वाट विसरतात, घरात घाण करतात. डॉक्टरांनी फोनवर हे एकेक विचारून घेतलं. भुऱ्यात यातलं भटकण्याशिवाय काही नाही, आणि त्याची फेरी दरवेळी त्याच वाटेनं, त्याच बाजूनं. मी काकाजींना फोन केला. ते म्हणाले, "जागलीत आमी त्याच टायमाले फेरी मारत होतो बाई."

झटका मशीननं त्याचं काम नेलं, हे त्याला कोणी सांगितलं नाही. फेरी बंद करायची नाही असं मी घरात सांगून टाकलं आहे. फाटकाशी एक बल्ब लावला, अंधारात त्याला दिसत नाही म्हणून.

गुड्डीचं मात्र मला लागून राहतं. तो आल्यापासून ती माझ्या मागे मागे स्वयंपाकघरापर्यंत येते, जे ती आधी करत नव्हती. म्हणून सकाळचा एक फेरफटका फक्त तिचा आणि माझा. भुऱ्याला त्यात घेत नाही. तिची सपरीची पायरी तिचीच आहे, मी पहिला हात तिच्याच डोक्यावरून फिरवते. जिनं हे घर आधीपासून राखलं, तिला आपली जागा गेली असं वाटलं तर म्हाताऱ्याला आणून मी कोणाचं भलं केलं?

येणारे जाणारे विचारतात, "जमली का दोस्ती?" नाही जमली. दोघं एकमेकांना चाटत नाहीत, कुशीत झोपत नाहीत. फोटो काढण्यासारखं काहीच नाही. पण गुड्डी त्याच्याकडे पाठ करून झोपते, आणि ज्याची भीती वाटते त्याच्याकडे कुत्रं पाठ करत नाही. मला एवढं हवं होतं. यापुढे काही झालं तर त्यांचं ते बघतील.

बुधवार

कापसाचा दुसरा वेचा घरी येतोय. तो विकला की नागपूरला जायचं, सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात. मेलोक्सिकॅम दीर्घकाळ द्यायचं तर मूत्रपिंडाची आणि यकृताची रक्ततपासणी हवी, दाढांचंही बघायचं आहे. त्याच फेरीत गुड्डीच्या नसबंदीचं विचारून घेऊ, पुढच्या माजाच्या आत झालेली बरी. गाडी भाड्याची लागेल. भुऱ्या मागच्या सीटवर माझ्यापाशी, गुड्डी पुढे ह्यांच्या पायाशी. काकाजींना आधी कळवणार नाही, नाही तर ते आदल्या रात्री झोपायचे नाहीत. दवाखान्यातून सरळ त्यांच्याकडे जाऊ. तिसऱ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट आहे म्हणे. भुऱ्यानं आयुष्यात लिफ्ट पाहिलेली नाही, त्याला उचलूनच न्यावं लागेल.