१२ मीटर कोणी लिहिलं?

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट, माहुलच्या एका टाकीवरची. कंट्रोल रूममध्ये लेव्हल ७.५ मीटर दिसत होती. डिप टेप (टाकीत सोडून पातळी मोजायची फीत) घेऊन वर गेलेले काका खाली येऊन म्हणाले, "ताई, माल ९ मीटरवर आहे."

टाकीवरचा ट्रान्समीटर पातळी मोजून ती तारेवरून करंटच्या रूपात कळवतो: ४ मिलिअँपिअर म्हणजे रेंजचा तळ, २० म्हणजे वरचं टोक. त्या तारांच्या लूपमध्ये मीटर लावला तर १६ मिलिअँपिअर. ९ मीटरला १८.४ यायला हवेत. सेटिंग वाचणारा हँडहेल्ड जोडल्यावर उलगडा झाला: ट्रान्समीटरची ० ते १० ची रेंज कोणीतरी ० ते १२ करून ठेवली होती. कंट्रोल रूमच्या संगणक यंत्रणेला, डीसीएसला, याचा पत्ताच नाही, तो जुन्याच हिशेबाने आकडा दाखवत राहिला. त्या आकड्यावर आम्ही टाकी भरत राहिलो असतो तर? आजही पोटात गोळा येतो.

शटडाउनमध्ये कॅलिब्रेशनला आलेल्या कोणाची तरी चूक असावी. पण कोणाची, हे ट्रान्समीटरला सांगताच येत नाही. त्याच्याशी बोलायची भाषा म्हणजे हार्ट हा प्रोटोकॉल. त्यात ४ ते २० मिलिअँपिअरच्या त्याच दोन तारांवर १२०० आणि २२०० हर्ट्झचे सूर चढवून निरोप जातो. जंक्शन बॉक्स उघडून दोन क्लिपा लावणाऱ्याला तो नाव विचारत नाही, पासवर्ड मागत नाही. उपकरणांचा दुसरा प्रोटोकॉल, १९७९ चा मॉडबसही तसाच; फंक्शन कोड ६, म्हणजे 'लिही' हा हुकूम, आला की रजिस्टरमध्ये आकडा लिहून मोकळा. ते बनवणाऱ्यांना मी दोष देत नाही, तेव्हा तार कुंपणाच्या आतच संपायची. आता ती मल्टिप्लेक्सर, गेटवे अशा जोडणाऱ्या उपकरणांमधून ऑफिसच्या नेटवर्कपर्यंत येते. हेच १२ मीटर उद्या जंक्शन बॉक्सला हात न लावता लिहिता येतील. बिनतारी वायरलेसहार्टला एईएस-१२८ या एन्क्रिप्शनचं कुलूप आहे, तारेवरच्या हार्टला नाही! मॉडबसला २०१८ मध्ये टीएलएसची (सुरक्षित जोडणीच्या तंत्राची) जोड मिळाली, पण आमच्या यार्डातली उपकरणं त्याआधीची आहेत आणि धडधाकट चालताहेत.

हाताशी उरतो तो राइट-प्रोटेक्टचा जंपर, म्हणजे सेटिंग बदलू न देणारी उपकरणातली छोटी खिट्टी. झाकणाआड असतो, वर्क परमिट काढून उघडावं लागतं, म्हणून कोणी लावत नाही. दुसरं म्हणजे, सेटिंग बदललं की हार्टचं उपकरण स्वतःच 'कॉन्फिगरेशन बदललं' असा बिट उभा करतं. तो कोणी वाचत नाही, याचा मला खरोखर राग येतो.

मी आता प्रत्येक फेरीत तो वाचते. गेल्या आठवड्यात एका प्रेशर ट्रान्समीटरवर बिट उभा होता आणि वहीत नोंद नव्हती. रेंज ड्रॉइंगशी ताडली, बरोबर निघाली. मग परमिट काढून जंपर लावला, तारीख लिहिली, सही केली.