काळ्या गाडीवर ग्लेझ: जोतिबाच्या गुलालापासून खंडेनवमीपर्यंतचा माझा अनुभव

२०२४ ची चैत्र यात्रा झाल्यावर दोन दिवसांनी आईला घेऊन जोतिबाला गेलो होतो. वाडी रत्नागिरीवर, म्हणजे जोतिबाच्या डोंगरावर, तेव्हाही गुलाल उडत होता. दर्शन करून आलो तर आमच्या काळ्या गाडीवर गुलाबी साय धरलेली. पार्किंगमधल्या एका पोरानं कोरड्या फडक्यानं बॉनेट आणि टप खसाखसा पुसून दिलं. मीही कौतुकानं त्याच्या हातावर वीस रुपये ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळचं तिरकं ऊन बॉनेटवर पडलं आणि पोटात गोळा आला. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती केसासारख्या बारीक चऱ्यांची गोल जाळी उमटली होती. गुलाल मऊ असतो, पण त्याच्याखाली रस्त्याची धूळ होती, आणि कोरड्या फडक्याखाली तिचा पॉलिश पेपर झाला होता. काळ्या रंगावर यातलं काहीच लपत नाही.

कोल्हापुरातल्या एका ठिकाणी ‘पॉलिश’ करून घेतलं. गाडी आरशासारखी होऊन आली, घरचे सगळे खूश झाले. चौथ्यांदा धुतली आणि जाळी जशीच्या तशी परत दिसू लागली. फसवलं गेल्याची भावना झाली, म्हणून उद्यमनगरात आमच्या ओळखीच्या पेंटरमामांकडे गेलो. त्यांनी स्प्रेच्या बाटलीतलं, तेलकटपणा काढणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी बॉनेटवर मारलं, पुसलं आणि म्हणाले, “बघ. चरे गेलेच न्हाईत, झाकले हुते. ह्याला ग्लेझ म्हंत्यात.”

“मग ग्लेझ वाईटच म्हणायचं की मामा?”

“काजळ घालून डोळा बरा हुत न्हाई, चांगला दिसतोय. म्हणून काजळ वाईट हाय व्हय? कशाला घालायचं, कवा घालायचं, ते कळाय पायजे.”

त्यानंतरचे पाच महिने मी ते ‘कशाला आणि कवा’ शिकण्यात घालवले.

ग्लेझ म्हणजे मुख्यतः तेलं आणि बारीक भराव. रंगावरच्या चरीत ते बसतं, चरीच्या कडेवर प्रकाश विखुरायचा थांबतो आणि रंग ओला, खोल दिसायला लागतो. त्यात घासणारं द्रव्य नसतं किंवा नाममात्र असतं, त्यामुळे रंगाचा थर झिजत नाही. हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. आणि ते शाम्पूनं, पावसानं हळूहळू निघून जातं, हा सगळ्यात मोठा दोष. रंगाचं संरक्षण हे त्याचं कामच नाही. ते काम वॅक्सचं (मेणाचा थर) किंवा सीलंटचं (पॉलिमरचा थर).

दुकानात मागायला गेलो तेव्हा पहिल्या दुकानदारानं ग्लेझिंग पुटीची ट्यूब काढून दिली. ती पेंटिंगच्या आधी बारीक भोकं भरायला असते, तिचा याच्याशी काही संबंध नाही. दुसरीकडे मिळालेल्या बाटलीवर ‘ग्लेझ’ लिहिलं होतं, पण माहिती वाचली तर ते ॲक्रिलिक सीलंट निघालं. हा घोटाळा बराच चालतो. म्हणून पुढचं नाव सोडून मागची बारीक अक्षरं वाचायची सवय लावून घेतली. संरक्षण किती महिने ते लिहिलं असेल तर त्यात पॉलिमर आहे, ते बहुतेक वरचा थर म्हणून चालतं. “यावर वॅक्स लावा” असं लिहिलं असेल तर ते खरं ग्लेझ. ‘पेंट क्लीनर’ किंवा ‘क्लीनर पॉलिश’ असेल तर त्यात घासणारे कण असण्याची शक्यता धरायची. गडद रंगासाठी आणि फिकट रंगासाठी वेगवेगळी ग्लेझं मिळतात. पूअरबॉइज वर्ल्डचं ‘ब्लॅक होल’ गडद रंगासाठी आणि ‘व्हाइट डायमंड’ फिकट रंगासाठी. मी गडदवालं घेतलं.

लावण्याआधीची सफाई हे खरं काम, आणि यात घाई केली तर पुढचं सगळं वाया. माझी नोकरी शिरोली एमआयडीसीत. आजूबाजूला फाउंड्र्या, शिवाय हंगामात घराकडे साखर कारखान्यांची काजळी पडते. गाडी दोन बादल्यांनी धुतली, एकीत शाम्पू आणि दुसरीत हातमोजा खंगाळायला साधं पाणी. मग लोखंडाचे कण काढणारा स्प्रे मारला. पाचेक मिनिटांत टपावर आणि बॉनेटवर जांभळे ओघळ यायला लागले. इतकं लोखंड रंगात रुतून बसलं असेल असं वाटलंच नव्हतं! हे द्रव लोखंडाशी संयोग पावून जांभळं होतं. ते वाळू द्यायचं नाही, भरपूर पाण्यानं धुऊन टाकायचं. त्यानंतर क्ले बार, म्हणजे रंगात रुतलेले कण उचलणारा मातीसारखा मऊ गोळा, भरपूर ओलाव्यावर, अजिबात दाब न देता. प्लॅस्टिकच्या बोळ्यात बोटं घालून रंगावरून हात फिरवला की खरखर लगेच कळते. ती संपेपर्यंत क्ले.

सगळी गाडी घासून चरे कायमचे काढायचा मोह झाला होता. मामांनी अडवलं. एका मित्राकडून रंगाची जाडी मोजायचं यंत्र आणलं. बॉनेटवर ११५ मायक्रॉनच्या आसपास, टपाच्या कडेला ९०, आणि पुढच्या डाव्या फेंडरवर २५० च्या पुढे, म्हणजे तो कधीतरी रिपेंट झालेला. यंत्र प्रायमर, बेस (मूळ रंग) आणि लॅकर (वरचा पारदर्शक थर) अशी सगळ्यांची मिळून जाडी दाखवतं. त्यातला वरचा लॅकर साधारण ३५ ते ५० मायक्रॉनच, वर्तमानपत्राच्या कागदापेक्षाही पातळ. जिथं रंग पातळ किंवा जिथं लॅकर किती उरलाय याचा भरवसा नाही, तिथं ग्लेझ. जिथं जाडी पुरेशी, तिथं आधी हलकं पॉलिश, म्हणजे थोडं घासून चरे खरोखर कमी करणं. हा निर्णय मला सगळ्यात उपयोगी पडला.

आता थरांचा प्रश्न. ग्लेझवर काय बसतं याबद्दल प्रत्येकाचं वेगळं मत ऐकायला मिळत होतं. शेवटी बॉनेटवरच मास्किंग टेप लावून चार पट्टे केले. पहिल्यावर ग्लेझ आणि वर कार्नोबा वॅक्स. दुसऱ्यावर ग्लेझ आणि वर सीलंट. तिसऱ्यावर हलकं पॉलिश, अल्कोहोलनं पुसून सीलंट. चौथ्यावर पॉलिश आणि वॅक्स.

काम सकाळी सातच्या आत, पोर्चच्या सावलीत, पत्रा हाताला गार लागेल तेव्हाच. मे महिन्यात नऊनंतर बॉनेटवर काहीही लावलं तरी ते चिकटून वाळतं आणि पुसताना नवे चरे पडतात. फोमच्या पॅडवर वाटाण्याएवढं ग्लेझ घ्यायचं आणि दीड-दोन फुटांच्या चौकोनात उभे-आडवे हात मारायचे. गोल फिरवायचं नाही, कारण चुकून कण राहिला तर पुन्हा तीच जाळी. धुरकट झालं की स्वच्छ मायक्रोफायबरनं, फडकं सारखं उलटत, हलकं पुसायचं. रबर आणि काळ्या प्लॅस्टिकवर आधीच टेप लावायची, तिथं पांढरा डाग बसला तर जाता जात नाही.

मी ग्लेझचे चार थर देऊन पाहिले. पहिल्यात मोठा फरक पडला. दुसऱ्यात पहिल्यानं सुटलेल्या जागा भरल्या. तिसऱ्या-चौथ्यात काहीच बदललं नाही, कारण नव्या थरातली तेलं आणि द्रावक खालचं ग्लेझ परत मऊ करून उचलतात. ते साठत जात नाही. दोन थर, मध्ये तासाभराची उसंत, बास.

उन्हात त्या दिवशी सर्वात देखणा पट्टा पहिला, ग्लेझवर कार्नोबा. खरं सांगतो, पॉलिशपेक्षाही तो खोल दिसत होता. कार्नोबा म्हणजे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण, आणि काळ्या रंगावर त्याची ऊब काही वेगळीच. आठवड्यानं त्यावर वॅक्सचा दुसरा हात दिला.

मग जून आला. पहिल्या जोरदार पावसात मुद्दाम गगनबावड्याला जाऊन आलो. परतल्यावर बॉनेट पाहिलं तर ग्लेझवरच्या सीलंटच्या पट्ट्यावर पाणी पसरून थांबलेलं, थेंब नाहीत, म्हणजे सीलंट टिकलंच नव्हतं. सीलंटला स्वच्छ, कोरडा रंग लागतो, तेलकट ग्लेझवर त्याची पकड बसत नाही. शेजारच्या तिसऱ्या पट्ट्यावर मात्र पाण्याचे गोल मणी पळत होते. वॅक्सचे दोन्ही पट्टे जुलै संपेपर्यंत थकले, आणि पहिल्या पट्ट्यात जाळी हळूहळू वर आली. तीन नंबरचा पट्टा श्रावणातही ठणठणीत होता.

मधल्या काळात काकांच्या जुन्या लाल प्रीमियर पद्मिनीवर हात चालवायला मिळाला. तिला लॅकर नाही, एकच रंगाचा थर. पांढऱ्या फडक्यानं घासलं तर फडकं लाल झालं. पहिल्यांदा घाबरलो, पण सिंगल स्टेज रंगाची हीच खूण. तो रंग वर्षानुवर्षं उन्हानं कोरडा, खडूसारखा झाला होता. तिथं मेग्वायर्सचं ‘नंबर ७’ वापरलं. हे ग्लेझ अशा जुन्या रंगासाठीच नावाजलेलं आहे. भरपूर लावून रात्रभर तसंच ठेवलं, सकाळी पुसलं, परत लावलं. तेल त्या कोरड्या रंगात मुरत गेलं आणि तिसऱ्या सकाळी पद्मिनीच्या दारात काकांना स्वतःचा चेहरा दिसला. काका बराच वेळ काही बोलले नाहीत, नुसते दारावर हात ठेवून उभे राहिले. माझ्या गाडीच्या लॅकरवर ते तेल असं मुरलं नसतं. तिथं ते वरवरच राहतं.

माझ्या गाडीसाठी शेवटी ठरलं ते असं. बॉनेट आणि दारांना हलकं पॉलिश, त्यावर पावसाळाभर नुसतं सीलंट, ग्लेझ नाही. टपाच्या कडांना आणि डाव्या फेंडरला पॉलिशिंग मशीन लावायचंच नाही. पाऊस सरला की सगळी गाडी धुऊन, क्ले करून, दोन हात ग्लेझ आणि दोन हात कार्नोबा.

खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी ते काम संपलं. सकाळी आई हळद-कुंकवाचं ताट घेऊन आली. काचेला लाव म्हणालो, तर तिनं माझ्याकडे पाहिलं आणि बॉनेटच्या मधोमध बोटानं स्वस्तिक काढलं. त्या काळ्या रंगात तिचा हात, ताट आणि वरचं आंब्याच्या पानांचं तोरण सगळं स्पष्ट उमटलं होतं. दुसऱ्या दिवशी कुंकू ओल्या मायक्रोफायबरनं दाब न देता टिपून घेतलं आणि तेवढ्या जागी वॅक्सचा एक हात परत दिला.