हिरवी बिअर शिकागोत, आमच्याकडे उकडलेला कोबी आणि ट्रॅक्टर!

मार्चचा दुसरा आठवडा लागला की घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शिकागोच्या हिरव्यागार नदीचा फोटो येतोच येतो आणि खाली कुणातरी मामाचा किंवा मावसबहिणीचा प्रश्न, "तुमच्याकडे पण असंच असतं का गं?" नाही हो, नसतं. नदी रंगवायचा उद्योग शिकागोवाल्यांचा, १९६२ पासूनचा, आणि हिरवी बिअरसुद्धा तिकडचीच. इथे आयर्लंडमध्ये, त्यातही आम्ही राहतो तसल्या क्लेअर काउंटीतल्या (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) छोट्या गावात, १७ मार्च म्हणजे सेंट पॅट्रिक्स डे हा मुळात चर्चला जायचा दिवस, मग परेड, मग दाबून जेवण, मग टीव्हीवर मॅच असेल तर मॅच, आणि पबचा नंबर त्यानंतर. (तरुण पोरं हा क्रम उलटा लावतात, ते सोडा.)

ज्याच्या नावाचा सण तो पॅट्रिक मूळचा आयरिश नव्हताच ही एक गंमत. पाचव्या शतकातला माणूस, समुद्रापलीकडच्या रोमन ब्रिटनमधला, सोळाव्या वर्षी त्याला पकडून इथे गुलाम म्हणून आणलं, सहा वर्षं दुसऱ्याची जनावरं राखली, मग पळून घरी गेला आणि पुढे बिशप होऊन आपणहून परत आला. हे त्याने स्वतःच लॅटिनमध्ये लिहून ठेवलंय. साप हाकलल्याची गोष्ट मात्र मागाहून चिकटलेली, हिमयुगानंतर या बेटावर साप पोचलेच नव्हते तर हाकलणार कुणाला!

आता हा सण नीट कळायला एक गोष्ट डोक्यात ठेवायला हवी, तो येतो लेंटमध्ये. लेंट म्हणजे ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस, जुन्या काळी मांस, दूध, अंडी यावर कडक बंधनं असायची, आणि त्या मधोमध हा एक दिवस सगळं माफ. समजा भर श्रावणात एक दिवस मटणाला ऑफिशियल परवानगी मिळाली तर आपल्याकडे घरोघरी काय होईल, तेच. आता बंधनं फारशी कुणी पाळत नाही, पण मुलं अजूनही लेंटसाठी चॉकलेट सोडतात आणि १७ तारखेला सकाळी सकाळी त्यावर तुटून पडतात, आईबापही काही बोलत नाहीत.

सकाळच्या मासला (चर्चमधल्या प्रार्थनेला) आमच्या गावात एरवीपेक्षा कितीतरी जास्त गर्दी असते. प्रत्येकाच्या कोटाला शॅमरॉकची, म्हणजे तीन पानांच्या बारक्या हिरव्या रोपाची जुडी. दुकानात मिळते तशी सुबक नाही हं, शेजारच्या आजींनी (इथे ऐंशीच्या बाईलाही नावानेच हाक मारतात, मी मनातल्या मनात आजीच म्हणते) परसातून उपटलेली, मुळांना माती तशीच, देठाला चॉकलेटची चांदी गुंडाळायची आणि वर सेफ्टी पिन. मासमध्ये फादर ही शॅमरॉक आशीर्वाद देऊन पवित्र करतात, थोडी प्रार्थना आयरिश भाषेत होते, १ ते १७ मार्च आयरिश भाषेचा पंधरवडा असतो ना, त्यामुळे शाळेतली पोरं फॉर्मात असतात.

बरं, शॅमरॉक म्हणजे नेमकी कुठली वनस्पती यावर इथे एकमत नाही. १८९३ मध्ये नथॅनिएल कोलगन नावाच्या निसर्ग-अभ्यासकाने देशभरातून लोकांना त्यांच्या मते "खरी" असलेली शॅमरॉक मुळासकट पाठवायला सांगितली आणि ती वाढवून फुलं येईपर्यंत थांबला, तर चार वेगवेगळ्या जाती निघाल्या! सगळ्यात जास्त पिवळ्या फुलाचं बारकं क्लोव्हर (तीन पानांचंच रोप), मग पांढऱ्या फुलाचं. १९८८ मध्ये पुन्हा तसाच प्रयोग झाला, तरी हेच दोघं पुढे. आजींना हे सांगितलं तर म्हणाल्या, माझ्या अंगणातली ती खरी. विषय संपला.

पूर्वी तर मुलींसाठी रिबिनी लावलेले रंगीत क्रॉस असायचे आणि मुलगे कागदावर कंपासने वर्तुळं काढून, रंगवून ते टोपीला किंवा छातीला लावायचे. १९३७-३८ मध्ये शाळेतल्या मुलांकडून गावोगावच्या म्हाताऱ्यांच्या आठवणी वह्यांमध्ये लिहून घेतल्या होत्या, त्या आता ऑनलाइन वाचायला मिळतात, त्यात अशा क्रॉसची वर्णनं आहेत. ही प्रथा कशी काय मेली कोण जाणे, मला तरी प्लास्टिकच्या हिरव्या टोपीपेक्षा ती शंभरपट बरी वाटते.

दुपारचं जेवण म्हणजे उकडलेलं बेकन, कोबी, बटाटे आणि वर पार्सलीचा पांढरा सॉस. कॉर्न्ड बीफ, म्हणजे खारवलेलं गोमांस, हे अमेरिकेतल्या आयरिश लोकांचं. शाकाहारी मंडळींसाठी सूचना, कोबी त्याच बेकनच्या पाण्यात शिजवतात, तेव्हा "मी नुसता कोबी घेते" असं म्हणून सुटका नाही. जेवण झालं की शेतकरी मंडळी बटाट्यांच्या गप्पा मारतात, कारण पहिले बटाटे पॅट्रिकच्या दिवसापर्यंत जमिनीत जायला हवेत असा जुना हिशोब. आणि या दिवशी पॅट्रिक दगडाची उबदार बाजू वर करतो, म्हणजे थंडी हटते असंही म्हणतात. प्रत्यक्षात परेडला हात खिशातून काढवत नाहीत ही गोष्ट वेगळी.

आता पबचं ऐका, हे घरी कुणालाच खरं वाटत नाही. या दिवशी आयर्लंडमध्ये पब कायद्याने बंद असायचे! सार्वजनिक सुट्टी १९०३ ची, आणि स्वतंत्र झाल्यावर यांच्याच सरकारने १९२७ मध्ये कायदा करून पबना टाळं लावलं, ते १९६० च्या कायद्यानंतर उघडलं. डब्लिनमध्ये तेव्हा उघडपणे प्यायची जागा म्हणजे रॉयल डब्लिन सोसायटीचा डॉग शो, तिथल्या बारला सूट होती. त्यामुळे कुत्र्यांचं सोयरसुतक नसलेले कितीतरी पुरुष वर्षातून एक दिवस अचानक श्वानप्रेमी व्हायचे. आजींच्या लहानपणी त्यांच्या गावात मात्र कुठला आलाय डॉग शो, मागच्या दाराने काय चालायचं ते त्या हसून टाळतात.

आणि परेड? तीसुद्धा अमेरिकेची परतभेट म्हणायची. बॉस्टनमध्ये १७३७ ला सण साजरा झाला, न्यूयॉर्कची परेड १७६२ पासूनची, सगळं घरापासून लांब गेलेल्यांनी सुरू केलेलं. डब्लिनचा आजचा मोठा फेस्टिव्हल १९९६ चा, म्हणजे माझ्या धाकट्या भावापेक्षाही लहान. डब्लिनची परेड एकदा बघावी, पण मला विचाराल तर छोट्या गावची बघा. मध्ये लॉरीच्या फळीवर माइक घेऊन गावातलाच कुणीतरी, प्रत्येकाला नावानिशी ओळखणारा, कॉमेंट्री करतो. समोरून धुतलेले ट्रॅक्टर, अग्निशमन गाडी, हर्लिंग (इथला हॉकीसारखा खेळ) क्लबची पोरं स्टिकवर बॉल नाचवत, दुसऱ्या लॉरीवर कुरळे विग घालून थंडीने निळ्या पडलेल्या डान्स क्लासच्या मुली. हल्ली आम्ही भारतीयही असतो, मागच्या खेपेला आमच्या पुढे गाढव होतं आणि ढोल वाजल्यावर त्याने चालायलाच नकार दिला, अख्खी परेड खोळंबली. शेजारच्या केरी काउंटीतल्या डिंगल गावात तर परेड पहाटे सहाला निघते, बासऱ्या आणि ड्रम घेऊन, तिथे जायचंय एकदा.

आपल्यासाठी खास गोष्ट म्हणजे दरवर्षी या सणाला आयर्लंडचे पंतप्रधान व्हाइट हाऊसमध्ये काचेच्या बाउलमधून शॅमरॉक देतात, १९५२ मध्ये आयरिश राजदूताने अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांना शॅमरॉकची पेटी पाठवली तिथून हे सुरू झालं. आणि ट्रम्प, बायडन दोघांनाही तो बाउल देणारे तेव्हाचे पंतप्रधान लिओ वराडकर, म्हणजे ज्यांच्या वडिलांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड! माझ्या कोकणातल्या काकाने तो फोटो फ्रेम करून लावलाय. २०२० मध्ये परेड रद्द झाल्या त्या १७ मार्चच्या संध्याकाळी कोविडबद्दल टीव्हीवर बोलले तेही वराडकरच, सगळं गाव तेव्हा घरात बसून ऐकत होतं.

या दिवशीच्या दारूच्या पेल्याला "पोटा पाड्रिग" म्हणजे पॅट्रिकचा पेला म्हणतात. जुन्या पद्धतीत रात्री कोटावरची शॅमरॉक शेवटच्या पेल्यात बुडवायची, पेला संपवायचा आणि ती डाव्या खांद्यावरून मागे फेकायची. आणि एवढ्यावर भागत नसेल तर १८ मार्चला शीलाचा दिवस असायचा. शीला कोण, तर पॅट्रिकची बायको! बिशपला बायको कुठून आली हे कुणी विचारलं नाही, प्यायला आणखी एक दिवस मिळाला ना, झालं.